शिवी नसलेले वाक्य द्वेषाचे आहे, हे कशावरून ठरवावे?

रेवा, फतेहगंज

नमस्कार. मी बडोद्यात भाषाविज्ञानात एम. ए. करत आहे. शेवटच्या सत्राच्या प्रबंधिकेसाठी मी दोन समाजांमधल्या द्वेषमूलक भाषेचा विषय घेतला आहे. शहरातल्या बातम्यांखाली आणि सोसायट्यांच्या गटांवर लोक मराठीत व गुजरातीत जे लिहितात, त्यातली सुमारे सहाशे वाक्ये मी लिहिणाऱ्यांची नावे, पत्ते आणि ओळखीच्या सगळ्या खुणा काढून उतरवून घेतली आहेत.

आरंभी मला हे काम सोपे वाटले होते. अपमानकारक शब्दांची यादी करायची, ते शब्द असलेली वाक्ये वेगळी काढायची आणि त्यांचे विश्लेषण करायचे, एवढाच माझा आराखडा होता. प्रत्यक्षात यादीतले निम्मे शब्द मित्रमित्रांच्या थट्टेत सापडले. ‘भय्या’ हा शब्द तर बहुतेक ठिकाणी भाजीवाल्याला किंवा रिक्षावाल्याला मारलेली साधी हाक निघाला. उलट, जे वाक्य वाचून मी लिहायची थांबले, त्यात यादीतला एकही शब्द नव्हता. पाणीटंचाईच्या बातमीखाली कोणीतरी लिहिले होते: ‘हे लोक इथे येऊन बसल्यापासून आपल्याला पाणी पुरत नाही.’

हे वाक्य मी दोन मैत्रिणींना दाखवले. एक म्हणाली की ही पाण्याची तक्रार आहे आणि तक्रार करण्याचा हक्क सर्वांना आहे. दुसरीचे आजोबा उत्तर प्रदेशातून इथे कामाला आले होते. तिने ते दोनदा वाचले, फोन पालथा ठेवला आणि विषय बदलला.

संयुक्त राष्ट्रांच्या २०१९ च्या धोरणात द्वेषमूलक भाषेची व्याख्या आहे. धर्म, वंश, राष्ट्रीयत्व, वर्ण, कुळ, लिंग यांसारख्या ओळखीवरून व्यक्तीवर किंवा समूहावर हल्ला करणारी, तिला हीन लेखणारी किंवा भेदभाव करणारी अभिव्यक्ती, असा तिचा आशय आहे. या व्याख्येत पाण्याचे वाक्य बसते की नाही, हे मला सांगता येत नाही. मैत्रिणीचा चेहरा हा प्रबंधिकेतला पुरावा होऊ शकत नाही, हे मला कळते. मग दुसऱ्या कोणालाही पडताळून पाहता येईल अशी कोणती भाषिक खूण मी दाखवू शकेन? ज्यांनी या विषयावर काम केले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त अध्यापक, दांडियाबाजार

रेवाताई, तुमचे पाण्याचे वाक्य सोडू नका. त्यातला द्वेष नामात नाही, क्रियापदात आहे, म्हणूनच तो तुमच्या यादीच्या जाळीतून निसटला.

‘राहायला आले’, ‘येऊन बसले’ आणि ‘घुसले’ ही तीन रूपे शेजारी ठेवून पाहा. तिन्हींत घडलेली गोष्ट एकच आहे: माणसे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी आली. पहिल्या रूपात येणाऱ्याचा हेतू दिसतो, कारण माणूस राहायला येतो. तिसऱ्यात दार फोडल्याचा आरोप आहे. मधले रूप सर्वांत अवघड, कारण आजोबा संध्याकाळी ओट्यावर येऊन बसतात तेव्हा त्यात काहीच वावगे नसते. परंतु मराठीत सहायक म्हणून येणाऱ्या ‘बसणे’ला नको ते घडल्याची छटा असते, आपण ‘चूक करून बसलो’ म्हणतो, ‘उपकार करून बसलो’ म्हणताना पश्चात्ताप झालेला असतो. वस्तीच्या संदर्भात ‘येऊन बसणे’ वापरले की ही छटा जागी होते आणि त्या माणसांचे इथे असणेच अनिष्ट ठरते. हे तुम्हाला संयुक्त क्रियापदांच्या नेहमीच्या विवेचनातूनच दाखवता येईल. त्यासाठी कोणाच्या चेहऱ्याचा पुरावा लागणार नाही.

दुसरी खूण काळाची आणि संख्येची आहे. विद्यार्थ्यांना मी चार वाक्ये देत असे. ‘काल नळावर काही जणांनी गर्दी केली.’ ‘नळावर हे लोक गर्दी करतात.’ ‘हे लोक गर्दीच करतात.’ ‘हे लोक म्हणजे नुसती कटकट.’ पहिल्या वाक्यात एक प्रसंग आहे, एक दिवस आहे आणि मोजता येतील अशी माणसे आहेत. ते खरे की खोटे, हे शेजाऱ्याला विचारून ठरवता येते. दुसऱ्यात भूतकाळ जाऊन सवय सांगणारा साधा वर्तमानकाळ आला आणि ‘काही जण’ नाहीसे झाले. तिसऱ्यात एका अक्षराच्या ‘च’ने सवयीचा स्वभाव केला. चौथ्यात क्रियापदच उरले नाही, म्हणजे त्या लोकांनी काही करायचीही गरज राहिली नाही. त्यांचे असणे हाच दोष झाला. चारही वाक्यांत शिवी नाही. पहिल्यापासून चौथ्यापर्यंत जाताना नेमके काय काय गळाले, ते मात्र व्याकरणाच्या परिभाषेत सांगता येते.

तुमच्या यादीतल्या ‘भय्या’चेही तसेच आहे. हाक मारताना तो एकवचनी असतो आणि समोर माणूस असतो. हिंदीत त्याचे अनेकवचन करताना रूप सहसा बदलत नाही. मराठीत मात्र आपण आकारान्त पुल्लिंगी नामासारखे ‘भय्ये’ असे रूप केले, आणि मराठीतला अपमान बहुतांशी या अनेकवचनात येऊन राहिला. भावाला मारायच्या हाकेचे असे समूहवाचक नाव व्हावे, याचे मला आजही वाईट वाटते. तुमच्या सामग्रीत एकवचनी संबोधने आणि ‘भय्ये’ ही रूपे वेगळी मोजून पाहा.

रूपकांकडेही लक्ष द्या. ‘सुळसुळाट’ उंदराढेकणांचा होतो, ‘बुजबुजाट’ किड्यांचा, ‘पिलावळ’ जनावरांची असते आणि ‘टोळधाड’ उभ्या पिकावर येते. यांतला कोणताही शब्द माणसांच्या समूहाला लावला की त्याबरोबर उपायही सुचवला जातो. ढेकणांशी कोणी चर्चा करत नाही, औषध फवारतात. यापेक्षा सभ्य दिसणारा शब्द ‘लोंढे’. ‘परप्रांतीयांचे लोंढे’ हे आपल्या वर्तमानपत्रांनी इतक्या वेळा छापले आहे की त्यात रूपक आहे, हेच आता कोणाच्या लक्षात येत नाही.

तोन व्हान डाइक या डच अभ्यासकाने १९८० च्या दशकात ॲमस्टरडॅममधल्या रहिवाशांशी त्यांच्या स्थलांतरित शेजाऱ्यांविषयी केलेली संभाषणे तपासली होती. लोक आधी इन्कार करतात आणि मग आरोप करतात, असे त्याला वारंवार आढळले. ‘माझ्या मनात कोणाविषयी काही नाही, पण…’ हे आपल्याकडचे त्याचेच रूप आहे. ‘पण’च्या आधीचे वाक्य बोलणाऱ्याच्या प्रतिमेसाठी असते. तुमच्या सहाशे वाक्यांत असे ‘पण’ किती आहेत, ते पाहावे.

शेरेकरी, पुणे (मूळचा मकरपुऱ्याचा)

संगणकाला द्वेषमूलक वाक्ये ओळखायला शिकवण्यासाठी माणसांना आधी हजारो वाक्यांवर शेरे मारावे लागतात. ते काम मी दोन वर्षे केले आहे, म्हणून त्या बाजूने लिहितो.

रेवा यांना जे स्वतंत्रपणे आढळले, ते मराठीच्या सामग्रीसंचांत आधीच मान्य झालेले आहे. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब या भाषा-संगणनाच्या संशोधन गटाने २०२२ मध्ये ‘महाहेट’ हा पंचवीस हजारांहून अधिक मराठी ट्विटांचा संच प्रसिद्ध केला. त्यात द्वेषपूर्ण, अपमानकारक, शिवराळ आणि यांपैकी काहीही नसलेले, असे चार वर्ग आहेत. शिवराळ आणि द्वेषपूर्ण हे वर्ग वेगळे ठेवले आहेत, ही त्यातली कळीची गोष्ट. त्याआधी २०२१ मध्ये द्वेषपूर्ण मजकूर ओळखण्याच्या ‘हॅसोक’ या स्पर्धात्मक उपक्रमातही मराठीचा समावेश झाला होता.

नुसत्या शब्दांच्या यादीवर विसंबले की काय होते, याचे म्यानमारचे उदाहरण आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येते. तिथे ‘कला’ हा शब्द भारतीय वंशाच्या लोकांना आणि विशेषतः मुसलमानांना हिणवण्यासाठी वापरला जातो. २०१७ मध्ये फेसबुकने त्या शब्दावर बंदी आणली, तेव्हा हरभऱ्याच्या डाळीविषयी लिहिणाऱ्यांचा मजकूरही काढला गेला, कारण बर्मी भाषेत त्या डाळीच्या नावात तोच शब्द आहे. खुर्चीच्या नावातही तो आहे. डाळ आणि खुर्ची अडकली. द्वेष पसरवणारे मात्र दुसरे शब्द वापरून लिहीत राहिले. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन मंडळाने रोहिंग्यांविरुद्धच्या द्वेषाच्या प्रसारात फेसबुकचा वाटा असल्याचे नमूद केले.

केनियातही ‘मादोआदोआ’ या स्वाहिली शब्दाचा साधा अर्थ ठिपके किंवा डाग एवढाच आहे. एखाद्या भागातून ‘डाग काढून टाका’ असे निवडणुकीच्या काळात म्हटले की, तिथे राहणाऱ्या दुसऱ्या जमातीच्या लोकांना हाकला, असा त्याचा अर्थ होतो. २००७-०८ च्या हिंसाचारानंतर स्थापन झालेल्या तिथल्या राष्ट्रीय आयोगाने २०२२ च्या निवडणुकीआधी अशा शब्दांची यादी काढली आणि तिच्यात हा शब्द घातला. ती यादी त्या निवडणुकीपुरती उपयोगाची असेल, पण कपड्यावरच्या डागाचे नाव कायमचे वर्ज्य करता येत नाही.

आता मैत्रिणींच्या मतभेदाविषयी. एकच सामग्री दोघांनी स्वतंत्रपणे तपासावी आणि त्यांच्यातली सहमती मोजावी, ही रूढ पद्धत आहे. ती मोजताना निव्वळ टक्केवारी देऊ नका. समजा, दोघांनीही आपापल्या परीने नव्वद टक्के वाक्यांना ‘द्वेष नाही’ असे म्हटले, तर शंभरांतल्या ब्याऐंशी वाक्यांवर त्यांचे निव्वळ योगायोगानेच एकमत होईल. अशा वेळी अठ्ठ्याऐंशी टक्के सहमती कानाला भरघोस वाटते, पण योगायोगाचे एकमत वजा करणाऱ्या, जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेल्या कॅपा या मापाने ती एकपैकी जेमतेम ०.३३ भरते.

माझा अनुभव असा की, मतभेद झालेली वाक्ये बहुमताने निकालात काढण्याचा दबाव फार असतो, कारण संगणकाला एकच उत्तर हवे असते. तीन शेरेकऱ्यांपैकी दोघे म्हणाले ‘द्वेष नाही’, की तिसऱ्याचे मत पुसले जाते. तो तिसरा ज्यांच्याबद्दल ते वाक्य आहे त्या समाजाचा होता का, हे त्या संचात कुठेही नोंदलेले नसते. मी ज्या ठिकाणी काम केले, तिथे असे शेकडो शेरे पुसले गेले आणि त्यातले काही माझ्याच हाताने. तुम्ही प्रत्येक शेऱ्यासमोर, नाव न लिहिता, शेरेकऱ्याचे वाक्यातल्या समूहाशी नाते काय, एवढा एक रकाना ठेवा. तुमच्या मैत्रिणीने फोन पालथा ठेवला, हे त्या रकान्यात पुरावा म्हणून येऊ शकते.

वकील, रावपुरा

कायद्याची बाजू थोडक्यात मांडते. भारतीय दंड संहितेचे कलम १५३-अ आता, १ जुलै २०२४ पासून, भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ मध्ये आले आहे. धर्म, वंश, जन्मस्थान, निवास, भाषा, जात किंवा समाज यांच्या आधारे गटागटांत वैरभाव वाढवणे हा त्यात गुन्हा आहे. ‘हेट स्पीच’ची स्वतंत्र व्याख्या मात्र त्यात नाही. विधी आयोगाने मार्च २०१७ च्या २६७ व्या अहवालात यासाठी नवी कलमे सुचवली होती.

न्यायालयाची कसोटी आणि रेवा यांची कसोटी यांत एक मूलभूत फरक आहे. शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर आणि धीट माणसाच्या दृष्टीने जोखावा, दुबळ्या आणि डळमळीत मनाच्या माणसाच्या दृष्टीने नव्हे, असे तत्त्व जुन्या नागपूर उच्च न्यायालयाने घालून दिले आणि १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका दूरचित्रवाणी मालिकेच्या प्रकरणात ते स्वीकारले. शिक्षा द्यायची असेल तर ही कसोटी मला योग्य वाटते, कारण अन्यथा कोणाचेही तोंड बंद करता येईल. भाषेच्या अभ्यासकाला मात्र शिक्षा द्यायची नसते. त्यामुळे ज्याला ते वाक्य लागले, त्याला काय ऐकू आले हे विचारण्याची मोकळीक त्याला आहे, आणि ती त्याने घ्यावी.

भाषाशास्त्रज्ञाची साक्ष न्यायालयात किती मोलाची ठरते, हे रवांडात १९९४ मध्ये झालेल्या तुत्सी समाजाच्या वंशसंहाराच्या खटल्यांत दिसले. ताबा या गावभागाचा प्रमुख झाँ-पॉल अकायेसू याच्याविरुद्धचा निकाल टांझानियातल्या आरुशा इथल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २ सप्टेंबर १९९८ रोजी दिला. वंशसंहारासाठी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दोषी ठरवल्याचा तो पहिला निकाल होता. त्यात ‘इन्येंझी’, ‘इन्कोतान्यी’ आणि ‘इब्यित्सो’ या किन्यारवांडा शब्दांचा अर्थ ठरवण्यासाठी न्यायाधीशांनी भाषाविज्ञानाच्या प्राध्यापकाची तज्ज्ञ साक्ष घेतली. ‘इन्येंझी’ म्हणजे झुरळ. १९६० च्या दशकात सीमेपलीकडून रात्री हल्ले करणाऱ्या तुत्सी निर्वासितांच्या टोळ्यांसाठी तो वापरला गेला, आणि १९९४ पर्यंत त्याची व्याप्ती वाढत वाढत कोणत्याही तुत्सी माणसापर्यंत, तान्ह्या मुलापर्यंत पोहोचली. केवळ कोश उघडून ‘झुरळ’ असे भाषांतर केले असते, तर न्यायालयाला त्यातले काहीच कळले नसते.

त्याच काळात ‘गुकोरा’ म्हणजे ‘काम करणे’ हे साधे क्रियापद ठार मारण्यासाठी वापरले जात होते. गावाने मिळून करायच्या श्रमदानाची तिथे रीत होती आणि तिचीच भाषा कत्तलीसाठी उचलली गेली. अध्यापक महोदयांनी क्रियापदाकडे पाहायला सांगितले, ते मला म्हणूनच पटते.

आणखी एक. ‘कांगुरा’ या तिथल्या नियतकालिकाने १९९३ मध्ये ‘झुरळाच्या पोटी फुलपाखरू जन्मत नाही’ अशा मथळ्याचा लेख छापला होता. हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला आपली ‘खाण तशी माती’ ही म्हण आठवली आणि अस्वस्थ झाले. म्हण निरुपद्रवी आहे, घरोघरी बोलली जाते. तरीही गुणदोष रक्तातून येतात हा तर्क तिच्यात तयार असतो आणि तो कोणालाही कोणत्याही समाजाविरुद्ध फुकट उपलब्ध असतो. तुमच्या वाक्यांत म्हणी किती आहेत, तेही मोजावे असे सुचवते.

जुना बडोदेकर

मी भाषाविज्ञानाचा माणूस नाही, परंतु सत्तर वर्षे या शहरात मराठी आणि गुजराती दोन्ही बोलत आलो आहे. वरच्या चर्चेत व्याकरण आले, कायदा आला. कोण कोणाच्या वर बसले आहे, हे मात्र पुरेसे आलेले नाही.

बडोद्यात गायकवाडांबरोबर आलेल्या आमच्यासारख्यांना गुजराती लोक ‘दक्षिणी’ म्हणत. त्यात कमीपणा नव्हता; आम्ही दरबारात, कचेरीत आणि शाळेत होतो. मुंबईत मात्र सह्याद्रीवरून मजुरीला उतरलेल्या मराठी माणसाला ‘घाटी’ म्हणत आणि तिथल्या गुजराती घरांत तो शब्द घरगड्याचे नाव होऊन बसला. बोलणाऱ्यांची भाषा तीच आणि ज्यांच्याविषयी बोलायचे तेही मराठीच, पण एका शहरात दिशेवरून मानाचे नाव पडले आणि दुसऱ्या शहरात डोंगरावरून हिणकस. फरक शब्दाच्या मुळाशी नव्हता, कोणाच्या हातात झाडू होता त्यात होता. मी तरुणपणी मुंबईला मामांकडे गेलो असताना जिन्यावर एका बाईंनी मला ‘ए घाटी’ अशी हाक मारली. मी पाटावरचा पाहुणा होतो, आणि त्या क्षणी बादली उचलायला वाकलो होतो, हे मला आजही आठवते.

आपणही कोणाच्या तरी भाषेत भीतीचा शब्द आहोत, हे मराठी अभ्यासकाने लक्षात ठेवावे. १७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या. आपल्याकडचा ‘बारगीर’ म्हणजे सरकारी घोड्यावरचा स्वार, शिलेदाराहून हलक्या दर्जाचा. बंगालीत त्याचा ‘बर्गी’ झाला आणि तिथल्या एका जुन्या अंगाईत मुलाला झोपवताना आजही त्यांचे नाव घेतले जाते.

शेवटी एक वाक्य देतो. २००२ साली शहरात संचारबंदी होती, तेव्हा रात्री अकराच्या सुमारास आमच्या पोळात, म्हणजे जुन्या शहरातल्या गल्लीत, फोन वाजत गेला आणि प्रत्येक घरी एकच वाक्य पोहोचले: ‘ते येत आहेत.’ त्या रात्री कोणीही आले नाही. गच्चीवर मात्र विटा गोळा झाल्या. त्या वाक्यात शिवी नव्हती, रूपक नव्हते, कोणत्याही समाजाचे नाव नव्हते. ‘ते’ म्हणजे कोण, हे विचारायची कोणालाही गरज पडली नाही. पलीकडच्या पोळातही त्याच वेळी हेच वाक्य फिरत होते, असे तिथल्या माझ्या एका स्नेह्याने पुढे सांगितले. रेवाताई, या वाक्याला तुमच्या तक्त्यात कुठे ठेवाल?

रेवा, फतेहगंज

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री सगळी वाक्ये पुन्हा काढून बसले. ‘येऊन बसणे’ हे क्रियापद तेवीस वाक्यांत मिळाले. चार ठिकाणी खरोखर बाकावर किंवा ओट्यावर बसणे आहे, उरलेल्या एकोणीस ठिकाणी वस्ती, आणि त्या एकोणीसांतल्या एकाही वाक्यात बोलणारा स्वतःच्या समाजाबद्दल बोलत नाही. ‘आम्ही इथे येऊन बसलो’ असे कोणीच लिहिलेले नाही. स्वतःविषयी लिहिताना सगळे ‘स्थायिक झालो’ म्हणतात. ‘भय्ये’ हे रूप एकतीसदा आले आणि त्यात हाक एकही नाही.

काकांचे ‘ते येत आहेत’ हे वाक्य मी तक्त्यात घेतले आहे. त्यासाठी प्रत्येक वाक्यासमोर तारीख, त्या आठवड्यात शहरात काय चालले होते, आणि सर्वनामाचा संदर्भ मजकुरात आहे की वाचकाने स्वतः भरायचा आहे, असे तीन रकाने वाढवावे लागले. वर्तमानपत्रांत ‘एका विशिष्ट समाजाचे’ असे जे छापतात, तेही याच शेवटच्या रकान्यात जाते, कारण नाव न घेण्याचा संयम पाळला तरी वाचक ती जागा भरतोच. शेऱ्यांसाठी आता तीन वाचक असतील आणि त्यातला एक नेहमी वाक्यातल्या समूहाचा असेल. मैत्रिणीला मी विचारले. ती तयार झाली आहे, मात्र एका बैठकीत वीसपेक्षा जास्त वाक्ये वाचणार नाही, असे तिने सांगितले आहे.

एक प्रश्न उरतो. गुजरातीत आपल्या ‘च’च्या जागी ‘ज’ येतो: ‘आ लोको आवा ज होय’, म्हणजे ‘हे लोक असेच असतात’. माझ्या कानाला तो मराठी ‘च’पेक्षा सौम्य वाटतो, पण माझे घर मराठी असल्यामुळे मी माझ्या कानावर विश्वास ठेवू शकत नाही. ज्यांची मातृभाषा गुजराती आहे, अशा कोणी ‘आ लोको आवा होय’ आणि ‘आ लोको आवा ज होय’ यांतला फरक स्वतःच्या शब्दांत इथे लिहिला, तर त्या प्रकरणाचा मसुदा मला पुढच्या सोमवारी देता येईल.